वाचकांचे प्रश्न : गणिताच्या तासाला कोडी आणि खेळ

गणिताच्या अध्यापनात कोडी आणि खेळ यांचा उपयोग कसा करावा, याविषयी शिक्षक आणि पालक यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी इयत्ता चौथीला शिकवते. पाढ्यांचा सराव व्हावा म्हणून मी पट, सोंगट्या आणि फासा घेऊन खेळ घेते. गुणाकाराचे उत्तर बरोबर आले की त्या मुलाला फासा टाकायला मिळतो. मुले फार आनंदाने खेळतात. परंतु महिन्याभराने पाहावे तर पाढे होते तिथेच असतात. माझ्या खेळात काय कमी पडते?

उत्तर : आपल्या खेळात गणित येते ते फासा टाकण्यापूर्वी, फासा पडल्यावर त्याचे काम संपते. ‘सात आठे छप्पन्न’ म्हणण्याऐवजी त्या मुलाने एखाद्या फुलाचे नाव सांगितले असते, तरी सोंगटी तितकीच घरे पुढे सरकली असती आणि डावाच्या निकालात काहीही फरक पडला नसता. मुलांना हे फार लवकर उमगते. उत्तर देणे ही त्यांच्या दृष्टीने खेळण्यासाठी मोजायची किंमत होते आणि त्यांचे सगळे लक्ष फाशावर राहते. म्हणून कोणताही खेळ वर्गात नेण्याआधी त्यातून गणित काढून टाकून पाहावे, असे मी सुचवेन. खेळ जसाच्या तसा चालत राहिला तर गणित त्याच्या बाहेर होते. खेळ कोसळला तर ते आत होते.

गणित आत असलेल्या खेळाचे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण चौथी-पाचवीसाठी याहून गुणकारी खेळ मला क्वचितच दिसला आहे. कागदावर १ ते ३० या संख्या लिहाव्यात. पहिला खेळाडू त्यांतील एक संख्या निवडतो आणि ती खोडून तितके गुण घेतो. दुसरा खेळाडू त्या संख्येचे, ती संख्या सोडून, जितके विभाजक पटावर शिल्लक असतील तितके खोडतो आणि त्यांची बेरीज आपल्या नावावर मांडतो. मग निवडीची पाळी दुसऱ्याची. जिचा एकही विभाजक पटावर उरलेला नाही, ती संख्या निवडता येत नाही. आणि प्रतिस्पर्ध्याला एखादा विभाजक दिसलाच नाही, तर तो तसाच पटावर राहतो. निवडण्याजोगी एकही संख्या उरली नाही की डाव संपतो.

पहिल्या डावात बहुतेक मुले मोठी म्हणून ३० ही संख्या उचलतात आणि समोरचा १, २, ३, ५, ६, १० आणि १५ खोडून ४२ गुण घेऊन जातो. २४ निवडणाऱ्याचीही तीच गत होते, कारण तिच्या विभाजकांची बेरीज ३६ भरते. दोन-तीन डावांत कुणाच्या तरी लक्षात येते की २९ घेतली तर समोरच्याला फक्त १ मिळतो. लगेच ती युक्ती वर्गभर पसरते आणि पुढच्या प्रत्येक डावाची सुरुवात २९ने होऊ लागते. इथे दुसरी गंमत घडते. २९ गेली की १ही गेला, म्हणून त्यानंतर २३ किंवा १९ निवडताच येत नाही. पहिल्या चालीला ज्या संख्या सर्वांत मौल्यवान होत्या, त्या त्या क्षणापासून निरुपयोगी होतात. दुसरा खेळाडू मग शोधू लागतो आणि २५वर येऊन थांबतो, कारण तिच्यातून समोरच्याला केवळ ५ मिळतात. ‘मूळ संख्या’ हे नाव शिक्षकाने या टप्प्यावर उच्चारावे. ज्या वस्तूशी मुले अर्धा तास झटली आहेत, तिला नाव मिळते, आणि व्याख्या पाठ करवून घेण्याची गरज राहत नाही. कुणी विचारलेच की ‘घेतली तरी ना नफा ना तोटा अशी संख्या आहे का?’, तर ६ आणि २८ या दोन परिपूर्ण संख्या, म्हणजे ज्यांच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच भरते अशा संख्या, त्यांना स्वतः सापडतील.

या संपूर्ण वेळात पाढ्यांचे काय झाले, हेही पाहा. २४चे विभाजक शोधताना मुलाने तिनाचा, चाराचा, सहाचा, आठाचा पाढा मनातल्या मनात चाळलेला असतो, तोही उलट्या दिशेने, आणि एखादा विभाजक सुटला तर त्याचे नुकसान त्याला लगेच गुणांत दिसते. आपल्या जुन्या खेळाचा पट टाकून देण्याचे कारण नाही. मात्र त्यात मुलाला चाल निवडता येईल असा बदल करा. दोन फासे टाकून त्यांवरील अंकांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार यांपैकी जे हिताचे असेल तितकी घरे जाण्याची मुभा दिली आणि पटावर काही घरे लाभाची, काही तोट्याची ठेवली, तरी निवड करताना मुलाला आकडेमोड करावीच लागेल.

प्रश्न : खेळांचे महत्त्व मला मान्य आहे. परंतु अभ्यासक्रम पुरा करतानाच दमछाक होते. त्यात खेळांसाठी वेळ कुठून काढायचा? आणि सगळेच घटक खेळातून शिकवता येतात का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही, आणि तसा हट्टही धरू नये. चिन्हे, संज्ञा, लेखनाच्या रूढी, भागाकाराची मांडणी यांसारख्या गोष्टी शिक्षकाने सरळ, स्पष्ट शब्दांत सांगाव्यात आणि फळ्यावर करून दाखवाव्यात. त्या मुलांनी स्वतः शोधून काढाव्यात अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणे होय. जिथे सराव हवा असतो, जिथे निवड करावी लागते आणि जिथे ‘असेच का?’ हा प्रश्न नैसर्गिकपणे उभा राहतो, तिथे खेळाला जागा आहे.

वेळेविषयी माझे म्हणणे असे की खेळ हा अभ्यासक्रमात घातलेली भर मानला तर त्याला वेळ कधीच मिळणार नाही. त्याने कशाची तरी जागा घेतली पाहिजे, आणि ती जागा एकसारख्या वीस उदाहरणांच्या गृहपाठाची असावी. स्थानिक किमतीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक मुलाने वहीत हजार, शतक, दशक आणि एकक अशा चार चौकटी आखाव्यात. शिक्षक एकेकदा फासा टाकतील आणि पडलेला अंक मुलाने आपल्याला हव्या त्या चौकटीत लिहावा. एकदा लिहिलेला अंक हलवता येणार नाही. चार फेऱ्यांनंतर ज्याची संख्या सर्वांत मोठी, तो जिंकला. याला पाच मिनिटे लागतात आणि साहित्य एका फाशाहून अधिक लागत नाही. पुढच्या दिवशी सर्वांत लहान संख्या करायला सांगावी, त्यानंतर ३५००च्या जास्तीत जास्त जवळची.

हाच खेळ वरच्या इयत्तेत नेला तर त्याचा पोत बदलतो. पहिल्याच फेरीत ४ पडले. ते हजारच्या चौकटीत लिहावेत का? उरलेल्या तीन फेऱ्यांत ५ किंवा ६ एकदाही न पडण्याची संभाव्यता दोन तृतीयांशाचा घन, म्हणजे ८/२७ आहे. म्हणून २७पैकी १९ वेळा पुढे चाराहून मोठा अंक येणार आणि हजारची चौकट आधीच अडवल्याचा पश्चात्ताप होणार. हे गणित मुलांना आधी सांगू नये. प्रथम त्यांना वाद घालू द्यावा, मग वीस-तीस डावांची नोंद करवून घ्यावी आणि त्यानंतरच अपूर्णांक फळ्यावर मांडावेत.

असाच पाच मिनिटांचा दुसरा खेळ म्हणजे मनातली संख्या ओळखणे. १ ते १००मधील संख्या ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारून शोधायची. ‘ती १७ आहे का?’ असे विचारणारे मूल काही दिवसांतच ‘ती ५०हून मोठी आहे का?’ असे विचारू लागते. सात प्रश्न नेहमी पुरतात, कारण सात वेळा दुप्पट केले की १२८ होतात. सहा पुरत नाहीत, कारण ६४च होतात. मग विचारावे, १ ते १००० घेतल्यास किती प्रश्न लागतील? संख्या दहापट झाल्या म्हणून प्रश्नही सत्तर होतील, असे वाटणाऱ्या मुलांना दहाच पुरतात हे कळते, तेव्हा घातांकाच्या वाढीचा पहिला अनुभव त्यांच्या हाती आलेला असतो.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला मोजता येते, पण ‘८ मोठे की ६?’ असे विचारले की ती गोंधळते. या वयात कोणता खेळ उपयोगी पडेल?

उत्तर : संख्या क्रमाने, एका सरळ ओळीत लिहिलेला साधा पट. गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील, शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाची मुले १ ते १० संख्या ओळीने मांडलेल्या पटावर दोन आठवड्यांत मिळून सुमारे एक तास खेळली. दुसरा गट तशाच पटावर, पण संख्यांऐवजी रंगांची घरे असलेला खेळ खेळला. संख्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांचा लहानमोठेपणा ओळखण्याची, मोजण्याची, अंक ओळखण्याची आणि संख्यारेषेवर संख्येची जागा दाखवण्याची क्षमता वाढली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती वाढ टिकून होती. त्यांच्या पुढच्या अभ्यासात गोलाकार पटाचा तितका उपयोग झाला नाही. सरळ ओळीत ८ हे ६च्या पुढे आहे, तिथे पोहोचायला अधिक वेळ लागतो, अधिक शब्द उच्चारावे लागतात, सोंगटी अधिक दूर न्यावी लागते. मोठेपणाच्या या सगळ्या खुणा एकाच वेळी मुलाच्या डोळ्यांना, कानांना आणि हाताला मिळतात.

एक बारकावा मात्र सांभाळावा. सोंगटी ५वर असताना फाशावर २ पडले, तर मुलीने ‘एक, दोन’ असे न मोजता घरांवरचे आकडे वाचत ‘सहा, सात’ असे म्हणत पुढे जावे. ‘एक, दोन’ म्हणत चालणाऱ्या मुलाच्या दृष्टीने घरांवरचे आकडे केवळ नक्षी राहतात. सापशिडी खेळतानाही हीच सवय लावता येईल. मात्र तो पट उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे असा वळतो, म्हणून या वयात आधी सरळ ओळीचा पटच घ्यावा.

प्रश्न : कोडी आणि खेळ लहान मुलांसाठी ठीक आहेत. मी नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती शिकवतो. तिथे चिन्हांची भाषा आणि सिद्धता यांना पर्याय नाही. या टप्प्यावर खेळ म्हणजे पोरकटपणा होणार नाही का?

उत्तर : गणिताचा इतिहास आपल्या शंकेच्या विरुद्ध साक्ष देतो. अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातील पैसे खेळाडूंत न्यायाने कसे वाटावेत, या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्या पत्रांपासून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. कोनिग्सबर्ग शहरातील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, हे लोकांच्या करमणुकीचे कोडे होते. ऑयलरने १७३५ मध्ये त्याचे उत्तर ‘नाही’ असे सिद्ध केले आणि आलेख सिद्धांताचा, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या अभ्यासाचा, आरंभ तेथून मानला जातो. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये आपल्या गणितग्रंथात जादूच्या चौरसांना, म्हणजे ज्यांतील प्रत्येक आडव्या, उभ्या आणि कर्णाच्या ओळीची बेरीज सारखीच येते अशा संख्यांच्या चौरसांना, स्वतंत्र प्रकरण दिले. या मंडळींना कोड्यांत पोरकटपणा दिसला नाही.

तरी आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण चिन्हांची भाषा आणि सिद्धता यांना खरोखरच पर्याय नाही. माझा मुद्दा इतकाच आहे की मुलांना या दोन्हींची गरज भासली पाहिजे, आणि ती भासवण्याचे सामर्थ्य चांगल्या कोड्यात असते.

तीन अंकी संख्या घ्या, जिच्या पहिल्या आणि शेवटच्या अंकांत किमान २चा फरक आहे. ती उलटी लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेली वजाबाकी उलटी लिहून तिच्यातच मिळवा. संपूर्ण वर्गाचे उत्तर १०८९ येते. पंचेचाळीस वह्यांत तेच उत्तर दिसल्यावर ‘असे का?’ हा प्रश्न शिक्षकाला विचारावा लागत नाही. आणखी पन्नास उदाहरणे करूनही कारण कळत नाही, हे मुलांना दिसते. आणि अक्षरे मांडली की ते दोन ओळींत कळते. संख्या १००अ + १०ब + क, उलटी संख्या १००क + १०ब + अ, फरक ९९(अ − क). म्हणून वजाबाकी १९८, २९७, ३९६ अशी ९९ची पट असते. तिचा मधला अंक ९ आणि कडेच्या अंकांची बेरीजही ९. ती उलटी करून मिळवली की शतकस्थानी ९०० आणि एककस्थानी ९ जमतात, मधल्या दोन नवांचे १८० होतात आणि एकूण १०८९ भरतात. मग अट ढिली करावी : फरक १ असला तर काय होते? ९९ आणि ०९९ यांतले काय लिहायचे, यावरून वर्गात जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो, कारण तो व्याख्येविषयीचा खरा गणिती वाद असतो.

याच्या शेजारी कापरेकरांचा ६१७४ ठेवावा. शाळेत गणित शिकवता शिकवता आयुष्यभर संख्यांचा शोध घेणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये हा स्थिरांक मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४; आणि त्यानंतर ६१७४च येत राहतो. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. १०८९चे कारण दोन ओळींत मावते, येथे मात्र सर्व शक्यता शिस्तीने तपासाव्या लागतात. सिद्धतेचे हे दोन निराळे स्वभाव एकाच तासात दाखवता येतात.

अशक्यतेची सिद्धता शिकवायची असेल तर बुद्धिबळाच्या पटाचे कोडे घ्यावे. तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅक यांनी ते १९४६ मध्ये मांडले. चौसष्ट घरांच्या पटाची कर्णाच्या दोन टोकांना असलेल्या कोपऱ्यांतली घरे कापून टाकली, तर उरलेली ६२ घरे प्रत्येकी दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी झाकता येतील का? मुले प्रयत्न करतात, दोन घरे उरतात, पुन्हा प्रयत्न करतात. घाई करू नये. चार बाय चारच्या लहान पटावर करून पाहायला सांगावे. बऱ्याच वेळाने कुणी तरी म्हणते की उरलेली दोन घरे नेहमी एकाच रंगाची असतात. उलगडा तिथेच आहे : प्रत्येक पट्टी एक काळे आणि एक पांढरे घर झाकते, परंतु कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असल्यामुळे एका रंगाची ३२ आणि दुसऱ्याची ३० घरे शिल्लक आहेत. ‘मला जमले नाही’ आणि ‘हे कुणालाच जमणार नाही’ या दोन विधानांतले अंतर या कोड्याइतके स्वच्छ दाखवणारा पाठ पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण आहे.

खेळच हवा असेल तर २०चा डाव घ्यावा. दोघांनी शून्यापासून सुरुवात करून आळीपाळीने १ किंवा २ मिळवायचे. जो २०वर पोहोचेल तो जिंकला. शेवटाकडून मागे येत गेले की १७, १४, ११, ८, ५, २ या जिंकण्याच्या जागा सापडतात, म्हणून पहिल्याने २ म्हणून सुरुवात केली की त्याला कुणी हरवू शकत नाही. ३पर्यंत मिळवायची मुभा दिली की ४च्या पटी महत्त्वाच्या ठरतात आणि विजय दुसऱ्याचा होतो. चौथीत शिकलेल्या ‘बाकी’ला दहावीत नवे काम मिळते.

प्रश्न : माझा मुलगा हरला की रडतो आणि पट उधळतो. वर्गातही त्याच्या शिक्षिकांनी जिंकणाऱ्यांना बक्षीस ठेवल्यापासून तो गणिताच्या खेळांना नको म्हणू लागला आहे. काय करावे?

उत्तर : बक्षीस बंद करण्याची विनंती आपण शिक्षिकांना अवश्य करावी. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ मधील प्रयोगात, आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांपैकी ज्यांना ‘चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळाले, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. जी गोष्ट मूल आपणहून करते तिच्यावर किंमत चिकटवण्याचा धोका हा असा असतो, आणि ज्याला ते बक्षीस कधीच मिळणार नाही, त्याच्यावर काय परिणाम होत असेल हे आपण पाहतच आहात.

घरी काही दिवस एकमेकांविरुद्ध खेळू नका. आपण दोघे मिळून कोड्याविरुद्ध खेळा. एकच पेन्सिल, एकच कागद आणि प्रत्येक चालीआधी दुसऱ्याला ती पटवून द्यायची. त्यानंतर २०च्या डावासारखा, नशिबाला जागा नसलेला खेळ घ्या आणि त्याला सांगा की आपण जिंकण्यासाठी खेळत नसून पहिल्याने जिंकावे की दुसऱ्याने, हे शोधण्यासाठी खेळत आहोत. मग प्रत्येक हार ही एक नोंद होते. आपण मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळते आणि ते त्यांना अपमानास्पद वाटते. त्याऐवजी डावाच्या मध्यावर बाजू बदलण्याची मुभा द्या.

वर्गात याच्या उलट अडचणही येते : एखादे चलाख मूल क्षणात उत्तर ओरडून सांगते आणि उरलेल्या सर्वांचा विचार तिथेच थांबतो. अशा मुलाला गप्प बसवण्यापेक्षा त्याला नियम बदलायला सांगावे. १ ते ९मधील संख्या आळीपाळीने उचलून ज्याच्याकडे प्रथम बेरीज १५ होणाऱ्या तीन संख्या येतील तो जिंकला, हा खेळ त्याला द्यावा आणि ‘हा तू आधी खेळलेला आहेस, कुठे ते शोध’ इतकेच सांगावे. १५ बेरजेच्या आठच त्रयी आहेत आणि तीन बाय तीनच्या जादूच्या चौरसात त्या नेमक्या आठ ओळींत बसतात, म्हणजे हा फुल्ली-गोळाच आहे, हे हुशार मुलालाही सहज सापडत नाही.

प्रश्न : मोबाइलवरील गणिताचे खेळ वर्गात वापरावेत का?

उत्तर : पहिल्या उत्तरातील कसोटी त्यांनाही लावावी. बहुतेक खेळांत बरोबर उत्तराला टाळ्या आणि तारे मिळतात, आणि उत्तर व खेळ यांचा संबंध तिथेच संपतो. वेगाचा सराव हाच हेतू असेल तर ते दिवसातून थोडा वेळ वापरण्यास हरकत नाही. परंतु घड्याळ लावलेल्या खेळात विचार करणारे मूल हरते आणि अंदाजाने बोट दाबणारे जिंकते, हे मला मान्य होण्यासारखे नाही. शिवाय पडद्यासमोर बसलेल्या दोन मुलांत वाद होत नाही. आणि मला खेळ हवा आहे तो मुख्यतः त्या वादासाठी.

प्रश्न : कोडे सुटले नाही की मुले उत्तरासाठी मागे लागतात. उत्तर सांगावे की न सांगावे? किती वेळ थांबावे?

उत्तर : मूल दर वेळी काही वेगळे करून पाहत असेल, तोवर थांबावे. तेच ते पुन्हा करू लागले की मदतीची वेळ झाली असे समजावे. मदत म्हणजे उत्तराचा तुकडा देणे असे समजू नये. मी बहुधा कोडे लहान करून देतो.

एदुआर ल्युका या गणितज्ञाने १८८३ मध्ये आणलेले मनोऱ्याचे कोडे पाहा. तीन खांब आहेत आणि एका खांबावर मोठीवर लहान अशा क्रमाने चकत्या रचल्या आहेत. एका वेळी एकच चकती हलवायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खांबावर न्यायचा. पाच चकत्या दिल्या की मुले गोंधळतात. अशा वेळी तीन काढून घ्याव्यात. दोन चकत्यांना ३ चाली लागतात, तीन चकत्यांना ७, चारांना १५. इथे प्रश्न विचारावा : चार चकत्या हलवता येणाऱ्याला पाचवी दिली तर नवे काय करावे लागेल? वरच्या चार बाजूला न्यायच्या, सर्वांत मोठी हलवायची, चार पुन्हा तिच्यावर आणायच्या. म्हणजे १५ + १ + १५, एकूण ३१. हे वाक्य मुलाने उच्चारले की दहा चकत्यांच्या १०२३ चाली ते प्रत्यक्ष न हलवता सांगू शकते. मूल अडलेले असताना ‘याच कोड्याचे लहान भावंड कोणते?’ असे विचारण्याची सवय लागली, तर ती पुढे परीक्षेतील अनोळखी उदाहरणापुढेही त्याच्या कामी येते.

काही कोडी तासाअखेर सुटलेली नसतात. ती फळ्याच्या कोपऱ्यात तशीच लिहून ठेवावीत आणि दोन दिवस पुसू नयेत. आठवडाभराने मात्र उलगडा जरूर सांगावा. तो कधीच न सांगण्याची जी पद्धत काही उत्साही शिक्षक पाळतात, ती मला मुलांवर अन्याय करणारी वाटते.

प्रश्न : खेळातून मुले काय शिकली, हे कसे तपासावे? जिंकलेल्या डावांना गुण द्यावेत का?

उत्तर : डावांना गुण देऊ नयेत, गुण आले की मुले जोखीम घेणे सोडतात आणि ठाऊक असलेलीच चाल खेळतात. त्याऐवजी खेळ थोडा बदलून लेखी प्रश्न द्यावा. २०चा डाव खेळलेल्या वर्गाला असे विचारावे : ‘५० गाठायचे आहेत आणि प्रत्येक पाळीला १ ते ४ मिळवता येतात. तुम्ही आधी खेळाल की नंतर? कारण लिहा.’ नंतर खेळणारा ५च्या पटी धरून ठेवतो आणि जिंकतो. ‘नंतर’ एवढेच लिहिणाऱ्याचे उत्तर निम्म्या वेळा निव्वळ अंदाजानेही बरोबर येईल, म्हणून त्याला फार तर एक गुण द्यावा. ४५, ४०, ३५ असे मागे येऊन मध्येच वजाबाकीत चुकलेल्या मुलाला त्याहून अधिक द्यावेत. खाडाखोड पुसू देऊ नये, कारण मुलाने कोणत्या वाटा आधी चाचपडून पाहिल्या हे त्या खाडाखोडीतच वाचता येते. ज्यांचे सगळे बरोबर आले, त्यांना त्याच कागदावर ५० ऐवजी ५२ लिहून परत करावे.